कोष्ट्यांचं व्याज आणि आमची फेलोशिप
(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

खाली चहाच्या टपरीवर एका पोरानं मला विचारलं, ‘भाऊ, आज कशावर बोलणार?’ मी म्हणालो, कलेचा इतिहास, पुरातत्त्व आणि त्यातली पोस्टडॉक फेलोशिप. तो म्हणाला, ‘पोस्टडॉक म्हंजे काय? डॉक्टरच्या मागचा कंपाउंडर का?’ सगळे हसले. मीही हसलो. मग वाटलं, पोरगं फार चुकलेलं नाही. त्याचा प्रश्न घेऊनच उभा राहतो.

पोस्टडॉक म्हणजे पीएच.डी. झाल्यानंतरची दोन-तीन वर्षं. नोकरी लागलेली नाही, विद्यार्थीपण संपलंय. या मधल्या काळात एखादं विद्यापीठ तुम्हाला पगार देतं, टेबल देतं, ग्रंथालयाची चावी देतं आणि म्हणतं, बस इथं, प्रबंधाचं पुस्तक कर, एखादा वर्ग शिकव. बस्स एवढंच. पण हे एवढंच ज्याला मिळतं त्याचं पुस्तक होतं. पुस्तक होतं त्याला नोकरी मिळते. नोकरी मिळते तो पुढं तीस वर्षं पोरांना सांगतो की अजिंठा कोणी केला, कार्ले कोणी केलं, आणि कोणाला त्यातलं काही कळत नाही. म्हणून हा किरकोळ विषय नाही. आपल्याबद्दल काय लिहिलं जाणार हे तिथं ठरतं.

आता मी कोण. माझी आई एका उत्खननावर घमेली वाहायला होती. गावाशेजारच्या टेकाडावर विद्यापीठाची माणसं आली, तंबू ठोकले, चौकोन आखले. गावातली मजुरीला गेलेली माणसं बहुतेक आपलीच. आई सांगायची, मातीचा रंग बदलला की मुकादमाआधी बायांना कळायचं. हाताला कळायचं. मऊ माती लागली की बाया थांबायच्या, ‘साहेब, हितं कायतरी हाय.’ मग साहेब ब्रश घेऊन यायचे. फोटो साहेबांचा.

पुढं मी एम.ए.ला गेलो तेव्हा त्या उत्खननाचा अहवाल ग्रंथालयात सापडला. जाड, सुंदर. खापरांचे तक्ते, थरांचे नकाशे, प्राध्यापकांची नावं, विद्यार्थ्यांची नावं, छायाचित्रकाराचं नाव, जीपच्या ड्रायव्हरचंसुद्धा नाव. आणि शेवटी एक ओळ: गावातील मजुरांनी सहकार्य केले. माझी आई त्या ‘मजुरांनी’ या एका शब्दात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या फुटक्या मडक्याला त्या अहवालात नंबर आहे, दोस्तहो. माझ्या आईला नाही.

त्या दिवशी मी ठरवलं की याच विषयात पीएच.डी. करायची. रागानं केली. राग हे काही संशोधनाचं साधन नव्हे असं मला पुढं पुष्कळांनी सांगितलं. पण राग नसता तर मी कार्ल्याच्या लेण्यात पहाटे बॅटरी घेऊन ब्राह्मी वाचत बसलो नसतो, एवढं नक्की.

काय वाचलं ते सांगतो.

कार्ल्याच्या चैत्याच्या दारावर एका सुताराचं नाव आहे. सामी. धेनुकाकटचा. दार त्यानं केलं आणि नाव कोरलं. त्याच लेण्यात धेनुकाकटचा अत्तरवाला आहे, त्याच गावचे यवन आहेत. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात एक लेणं मुगुदास नावाच्या माणसानं सहकुटुंब दिलेलं आहे. त्याच्या धंद्याचा शब्द आहे दासक, अभ्यासक अर्थ करतात कोळी, मासे धरणारा. जुन्नरला बांबूचं काम करणाऱ्यांच्या श्रेणीचं नाव येतं, आजच्या भाषेत बुरुड. तिकडं आंध्रात अमरावतीच्या स्तूपाला पूर्णघटाचा शिलापट्ट दिलाय विधिक नावाच्या माणसानं, आणि तो स्वतःला काय म्हणवतो? चम्मकार. चांभार. लाजून नाही, लपवून नाही. दगडावर.

मी असं म्हणत नाही की त्या काळी जात नव्हती, सगळा आनंदीआनंद होता. तसं म्हणणं म्हणजे त्यांच्यासारखाच खोटा सुवर्णकाळ रचणं. आजचा बुरुड आणि तेव्हाचा वंसकार यांच्यात सरळ रेघ ओढता येत नाही. मी एवढंच म्हणतो की हात वापरणाऱ्या माणसाला तेव्हा दगडावर नाव कोरायची मुभा होती, आणि विसाव्या शतकाच्या अहवालात कागदावर नव्हती. हा फरक मोजायला हवा. हा माझा प्रबंध.

आता फेलोशिपकडं येतो. आणि तुम्हाला नाशिकला नेतो.

त्रिरश्मीच्या डोंगराला लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथं काहीएक संबंध नाही. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. बाजूच्या एका लेखात तो अभिमानानं सांगतो की मी तीन लाख गाई दिल्या. असू द्या. पण या लेखात त्यानं जे केलंय ते नीट ऐका. त्यानं तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या श्रेणींकडं ठेवले. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचं, आजही आहे. श्रेणी कोणाच्या? कोलिकांच्या. विणकरांच्या. कोष्ट्यांच्या. एका श्रेणीकडं दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसरीकडं एक हजार, दरमहा शेकडा पाऊण. आणि अट अशी की मुद्दल परत द्यायची नाही, व्याज तेवढं वापरायचं. त्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी.

हिशेब करा. दोन हजारांवर महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पैचा फरक नाही. हजाराचं वर्षाचं व्याज नव्वद, ते किरकोळ खर्चाला.

ही फेलोशिप आहे, दोस्तहो! अमेरिकेतली मोठी विद्यापीठं आज अगदी हेच करतात. कोणीतरी पैसा ठेवतो, मुद्दलाला हात लावायचा नाही, वर्षाला शेकडा चार-पाच काढायचे आणि त्यावर माणसं पोसायची. त्याला ते एन्डावमेंट म्हणतात. आपल्या डोंगरात ते दगडावर कोरून ठेवलंय. फरक एवढाच की तिकडचं मुद्दल शेअर बाजार सांभाळतो, आणि नाशिकचं मुद्दल कोष्टी सांभाळत होते. क्षत्रपाच्या जावयाचा कोष्ट्यांवर विश्वास होता की ही माणसं पिढ्यान् पिढ्या व्याज भरतील.

आणि आज कोष्ट्याच्या, बुरुडाच्या, चांभाराच्या, महाराच्या, मांगाच्या पोरानं पोस्टडॉकचा अर्ज भरला की पहिला प्रश्न काय? शिफारसपत्र आहे का.

अर्जात काय काय लागतं ते सांगतो, कारण हे आपल्याला कोणी सांगत नाही. पीएच.डी. मागच्या काही वर्षांतली हवी, जुनी झाली की बाद. संशोधनाचा प्रस्ताव, चार-पाच पानांचा. लिखाणाचा नमुना. काय शिकवाल त्याची रूपरेषा. आणि दोन-तीन शिफारसपत्रं, मान्यवरांची. सगळं आपण रात्र रात्र जागून करू शकतो. शेवटचं नाही करू शकत. शेवटचं दुसऱ्याच्या हातात आहे. ज्यांच्या घरी बाप प्राध्यापक, मामा वस्तुसंग्रहालयात, त्यांना शिफारस मागावी लागत नाही, जेवणाच्या ताटावर मिळते.

माझ्या मार्गदर्शकांकडं गेलो. नाव सांगत नाही, विभागही सांगत नाही, कारण तो एक माणूस नाही, ती एक पद्धत आहे. सर म्हणाले, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ ही आपल्याकडची रीत आहेच. मी लिहून नेलं. की याने अमुक लेखांचं वाचन तपासलं, तमुक शब्दाचा आधीचा अर्थ दुरुस्त केला. सरांनी लाल पेन काढलं. ती दोन्ही वाक्यं खोडली. वर लिहिलं, विद्यार्थी मेहनती व नम्र आहे. मला म्हणाले, ‘जास्त लिहिलं की खरं वाटत नाही.’

मेहनती व नम्र. घमेली वाहणाऱ्या बाईलाही मुकादम हेच सर्टिफिकेट देतो.

ते पत्र जोडून मी दोनदा अर्ज केला. दोनदा नाही आलं. तिसऱ्या वेळी मी सरांना सोडलं आणि ज्यांचं लिखाण वाचून मी शिकलो होतो अशा एका परदेशी अभ्यासकाला माझं प्रकरण पाठवलं. ओळख ना पाळख. त्यांनी वाचलं, चुका काढल्या, आठ पानं शेरे पाठवले. आणि पत्र दिलं. मुलाखत झाली, पडद्यावर. समितीतल्या एकानं विचारलं, तुम्ही या सामग्रीच्या फार जवळ आहात, त्यामुळं वस्तुनिष्ठतेला बाधा येत नाही का?

मी म्हणालो, साहेब, इटलीच्या माणसाला रनेसाँवर काम करताना हा प्रश्न विचारता का?

दोन सेकंद शांतता. मग ते हसले आणि म्हणाले, बरोबर आहे. एक वर्षाची फेलोशिप मिळाली.

तिकडचं सगळं गोड होतं असं समजू नका. तिकडच्या लोकांना माझ्या आडनावातून काही कळत नव्हतं, ते सुख होतं. पण पहिल्याच आठवड्यात एका भारतीयानं कॉफी पिताना विचारलं, ‘तुम्ही मूळचे कुठले? नाही, गाव कुठलं? आडनाव काय म्हणालात?’ समुद्र ओलांडला तरी हा प्रश्न पासपोर्टावर शिक्का मारून येतो.

आपल्यापैकी या वाटेनं पहिला कोण गेला ते वेगळं सांगायला नको. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोद्याची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. भारताच्या समाजाचा अभ्यास, भारताबाहेर, सरकारी पैशानं. हे तीन शब्दगट लक्षात ठेवा, पुढं लागतील. आणि १९१७ ला ते बडोद्याला नोकरीवर आले तर राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन बाहेर काढलं. फेलोशिप माणसाला डिग्री देते, खोली देत नाही. हेही लक्षात ठेवा.

त्याच कोलंबियात कला-इतिहास आणि पुरातत्त्व असा एकत्र विभाग आहे. तिथं भारतीय कला शिकवणाऱ्या विद्या देहेजिया यांनी १९७२ साली आपल्या पश्चिम भारतातल्या बौद्ध लेण्यांच्या कालक्रमावर पुस्तक काढलं होतं. मिशिगन विद्यापीठाच्या वॉल्टर स्पिंक यांनी उभं आयुष्य अजिंठ्यात घातलं. त्यांचं म्हणणं, महायान काळातली बहुतेक लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात थोड्याच वर्षांत झाली. पटो न पटो, माणसानं एकेक खुंटी, एकेक दाराचं बिजागर तपासलं. ही सगळी मंडळी इथं येऊन काम करून गेली. त्यांच्यामागं विद्यापीठं होती, फेलोशिपा होत्या. आयोवा राज्य विद्यापीठाच्या गॅरी टार्टाकोव्ह यांनी तर आपल्या बाबासाहेबांच्या पुतळ्यांवर, फोटोंवर, नवबौद्ध चित्रांवर लिहिलं आणि २०१२ साली दलित कलेवर एक ग्रंथ संपादित केला. आपल्या नाक्यावरचा निळ्या कोटातला पुतळा कला-इतिहासाचा विषय आहे हे लिहायला आयोवाचा माणूस लागला. आमच्या विद्यापीठातल्या पंडितांना तो पुतळा रोज वाटेत दिसतो. ट्रॅफिकला अडथळा म्हणून दिसतो.

मला परदेशी अभ्यासकांचा राग नाही. त्यांच्या शेऱ्यांवर मी शिकलो. माझा प्रश्न साधा आहे. लेणी आमच्या डोंगरात, घमेली आमच्या डोक्यावर, पुतळा आमच्या वर्गणीचा, आणि त्यावर लिहिणारा आमच्यातला का नाही?

का नाही ते आता ऐका. केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे, नॅशनल ओव्हरसीज. एम.ए. आणि पीएच.डी.साठी. वर्षाला १२५ जागा. त्यात ११५ अनुसूचित जातींना, ६ भटक्या-विमुक्तांना, ४ भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांना. एवढ्या मोठ्या देशाला १२५. आणि २०२२-२३ च्या नियमावलीत एक कलम आलं. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताबद्दलचा सामाजिक अभ्यास, हे विषय या पैशातून परदेशी जाऊन करता येणार नाहीत! कारण काय, तर या विषयांची साधनं आणि तज्ज्ञ इथंच भरपूर आहेत.

म्हणजे बाबासाहेबांनी १९१६ ला जे केलं, भारताच्या समाजाचा अभ्यास, भारताबाहेर, सरकारी पैशानं, तेच नेमकं बंद. इंजिनियर व्हा, यंत्र शिका, जरूर शिका. पण स्वतःचा इतिहास परक्या ग्रंथालयात बसून शिकायचा नाही. इथंच शिका, इथल्या तज्ज्ञांच्या हाताखाली. मेहनती व नम्र राहून.

हे कलम पीएच.डी.चं आहे, पोस्टडॉकचं नाही, असं कोणी म्हणेल. अरे, शिडीची खालची पायरी काढली की वरच्या पायरीवर कोण पोचणार? २०२२ च्याच डिसेंबरात मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं संसदेत सांगितलं. ती मुसलमानांची म्हणून आपली माणसं गप्प. ती सहा अल्पसंख्याकांची होती आणि त्यात बौद्ध होते! २०२३ साली बार्टीच्या फेलोशिपसाठी आपली संशोधक पोरंपोरी आझाद मैदानात बसली. प्रबंध लिहायच्या वयात सतरंजीवर. आणि यूजीसीनं २०२२ साली राधाकृष्णन यांच्या नावानं पोस्टडॉक फेलोशिप काढली, ९०० जागा, महिना पन्नास हजार, तीन वर्षं. जागा आहेत. त्यात कला-इतिहास आणि पुरातत्त्व घेऊन आपल्यातले किती अर्ज करतात? मी फिरतो तिथं विचारतो. हात वर होत नाहीत. कारण या विषयात आपला पोरगा एम.ए.लाच जात नाही. त्याला वाटतं हा शौकिनांचा विषय.

शौकिनांचा नाही. कोणत्या डोंगराला काय नाव द्यायचं, कोणत्या मूर्तीला शेंदूर लागला की गप्प बसायचं, कोणत्या स्तूपाला पिंड म्हणायचं, हे हा विषय ठरवतो. पांडवलेणी म्हणायचं की त्रिरश्मी, हे डोंगरातल्या लेखातच लिहिलंय. फक्त वाचणारा लागतो.

म्हणून आता काम सांगतो. घोषणा नाही, काम.

एक. ब्राह्मी शिका. अक्षरं थोडी आहेत, सुट्टीत येतात. दर रविवारी कान्हेरीला जा. शंभरावर लेणी आहेत, बोरिवलीजवळच. पिकनिक करा, पण एक लेख वाचून या. पाली आणि प्राकृत शिका. संस्कृतही शिका. ती कोणाच्या बापाची नाही.

दोन. जपा. तुमच्या चाळीतल्या जयंतीचे फोटो, पोस्टर, कॅलेंडर, गायनपार्टीच्या वह्या, मोर्च्याची पत्रकं, असली ही अनियतकालिकं. रद्दीत घालू नका. तारीख आणि करणाऱ्याचं नाव मागं लिहून ठेवा. उद्याचा प्रबंध त्यावर होणार आहे.

तीन. मागणी. महाराष्ट्रात जिथं जिथं उत्खनन होईल त्याच्या अहवालात प्रत्येक मजुराचं पूर्ण नाव छापलं पाहिजे. याला सरकारचा एक पैसा लागत नाही. एक पान लागतं. या मागणीचं निवेदन आपण प्रत्येक पुरातत्त्व विभागाला द्यायचं. आणि ओव्हरसीजमधलं ते कलम, त्याविरुद्ध बोलणं थांबवायचं नाही.

चार. ज्याला फेलोशिप मिळाली त्यानं मागच्याला अर्ज दाखवायचा. पत्र द्यायचं. माझे तिन्ही अर्ज, दोन नापास आणि एक पास, मी बरोबर आणलेत. कोणीही न्या, झेरॉक्स काढा. आणि आपल्यातले जे नोकरीला लागले, बँकेत, रेल्वेत, महापालिकेत, त्यांना माझं सांगणं आहे. विहारांना वर्गणी देता, द्या. पण नाशिकच्या कोष्ट्यांसारखं एक मुद्दल उभं करा, ज्याला हात लावायचा नाही. त्याच्या व्याजावर वर्षाला एक पोरगी, एकच, लेण्यांवर, पुतळ्यांवर, आपल्या हातांच्या कामावर पुस्तक लिहील. वीस चिवरं राहू द्या, एकापासून सुरुवात करू.

शेवटचं. फेलोशिप संपवून आलो तेव्हा आईला कार्ल्याला घेऊन गेलो. गुडघे दुखत होते, तरी चढली. चैत्याच्या दाराशी उभी राहिली, वर बघितलं. म्हणाली, ‘काय लिवलंय रं तितं?’ मी वाचून दाखवलं. म्हणालो, आई, सुताराचं नाव आहे. सामी. हे दार त्यानं केलं.

बराच वेळ ती दगडावर हात फिरवत होती. मग म्हणाली, ‘मंजी करणाऱ्याचं नाव लिवायची रीत हुती की.’

होती. ती परत आणायची आहे.

जय भीम.